दुपारी साडेतीन वाजता तुमच्या फ्लॅटमध्ये कोण असतं?

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला. नागपुरात मनीषनगरच्या पुढे बेसा रोडकडे, सात मजली बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर २ बीएचके घेतला, कार्पेट ७५० चौरस फूट, हॉल अन् मोठी बेडरूम पश्चिमेला. तुम्ही दोघं नोकरीवाले, मुलगी सातवीत, सासू-सासरे अमरावतीचं घर भाड्याने देऊन कायमचे इकडे येऊन राहिले. बजेट आठ लाख. एका ठिकाणाहून थ्रीडी, म्हणजे घर झाल्यावर कसं दिसेल त्याची कॉम्प्युटरवरची चित्रं, आलंय, त्यात बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली, भिंतभर टीव्ही युनिट, सगळ्या खोल्यांत फॉल्स सीलिंग. मिस्टरांचं म्हणणं असं की हे आर्किटेक्ट-इंटिरियरवाले नेमकं करतात काय, आपला मिस्त्री लावून आपणच करून टाकू. आणि गुढीपाडव्यापर्यंत होईल का.

मी आर्किटेक्ट आहे, बिल्डिंगींसोबत फ्लॅटच्या आतली कामंही बरीच वर्षं नागपुरातच करतो, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी नव्या क्लायंटला पहिला प्रश्न बजेटचा विचारत नाही, स्टाइलचा तर नाहीच नाही. मी विचारतो, मे महिन्यात दुपारी साडेतीनला घरात कोण असतं अन् कुठे बसतं? तुमच्याकडे उत्तर सरळ आहे, सासू-सासरे. तुम्ही दोघं ऑफिसच्या एसीत, मुलगी सुट्ट्यांत कुठल्या तरी क्लासला, आणि म्हातारी माणसं पश्चिमेच्या हॉलमध्ये. आता ते थ्रीडी परत काढून पाहा. सगळी चित्रं संध्याकाळी सातची आहेत, पडदे अर्धे, छताच्या कडेत लपवलेले कोव्ह लाइट लागलेले, सोफ्यावर कोणीच नाही. मॉड्युलरच्या जाहिरातींत असंच असतं, त्यात नवल नाही. पण नागपुरातलं घर साडेतीनला राहण्यासारखं केलं की सातला आपोआप बरं दिसतं, उलटं मात्र होत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पुढे फक्त ते करायचं कसं ते सांगतो.

आधी ऊन. २०१३ च्या मे महिन्यात आपल्याकडे तापमान ४७.९ अंशांवर गेलं होतं, आणि ४५ च्या आसपास तर नेहमीचंच. पण आकड्यापेक्षा ऊन कोणत्या बाजूने कोणत्या कोनात येतं ते महत्त्वाचं. नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर आहे, म्हणजे मे-जूनच्या दुपारी बारा-साडेबाराला सूर्य जवळपास डोक्यावर. दक्षिणेच्या खिडकीत तेव्हा ऊन शिरतच नाही, दोन फुटी छज्जा भरपूर झाला. उलट डिसेंबरात तोच सूर्य दुपारी ४५ अंशांवर उतरतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून मस्त आत येतो, जेव्हा आपल्याला तो हवाच असतो. लोक वास्तूपायी दक्षिणेला नाक मुरडतात, पण आपल्या हवेत सांभाळायला सगळ्यात सोपी बाजू तीच, मी स्वतःसाठी घेतला तर दक्षिणेचा घेईन अन् भावही पाडून घेईन.

पश्चिमेचं गणित वेगळं आहे. मे महिन्यात चार वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण ३५ अंश वर असतो, म्हणजे दोन फुटी छज्जा खिडकीचा वरचा दीड फूटच झाकणार, बाकी सगळी खिडकी उन्हात. साडेपाचला तर जेमतेम अर्धा फूट. म्हणजे पश्चिमेला छज्ज्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही, तिथे आडव्यापेक्षा उभं काहीतरी लागतं, काचेसमोर, बाहेरून. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, मे-जूनमध्ये सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही, बराच उत्तरेकडे सरकून मावळतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीत संध्याकाळचं तिरपं ऊन येतं. मुलीच्या खोलीची खिडकी उत्तरेला आहे म्हणता नं, तिथे अभ्यासाचा टेबल ठेवण्याआधी एकदा संध्याकाळी पाच-साडेपाचला जाऊन पाहा.

'बाहेरून' यावर जोर का देतो ते सांगतो. ऊन एकदा काचेतून आत आलं की गरमी आत आली, मग जाड ब्लॅकआउट पडदा लावा की अजून काही, तो पडदाच तापतो अन् खोलीत तापून बसतो. काचेच्या बाहेर अडवलं तर गरमी बाहेरच राहते. हे आपल्या आजोबांना माहीत होतं, सरकारी ऑफिसांच्या दारांना खसच्या ताट्या लागायच्या अन् त्यावर पाणी मारायला माणूस असायचा. आता एप्रिल लागला की अख्ख्या नागपूरच्या बाल्कन्यांना हिरवी नेट लागते, दिसायला ओंगळ पण कल्पना शंभर टक्के बरोबर. डिझायनरचं काम इथे एवढंच की तीच गोष्ट नीट करायची. तुमच्या बाल्कनीच्या पश्चिमेच्या तोंडाला वरून खाली सरकणारी बाहेरची रोलर चिक, बांबूची किंवा आउटडोअर फॅब्रिकची, खाली हूक अडकवायला रेलिंगवर दोन कड्या, नाहीतर पहिल्या वादळात फाटून शेजारच्याच्या घरी. पावसाळ्यात-हिवाळ्यात वर गुंडाळून ठेवायची. बेडरूमच्या खिडकीला ग्रिलच्या बाहेरून उभ्या पट्ट्या लावता येतात, पण बाहेरून दर्शनी बाजू बदलते म्हणून सोसायटीची परवानगी लागेल, ती आधी घ्या, आणि चार फ्लॅटवाले मिळून एकाच डिझाइनची लावली तर सोसायटीही पटकन हो म्हणते.

म्हणूनच बाल्कनी हॉलमध्ये घेऊ नका. हा माझा सगळ्यात पक्का सल्ला, बाकी सगळं ऐकलं नाही तरी चालेल. तुमच्या ७५० च्या कार्पेटमध्ये बाल्कनी धरलेलीच नाही, रेरा म्हणजे घरबांधणी-विक्रीचा कायदा, त्याच्या व्याख्येत ती कार्पेटच्या बाहेर असते, म्हणून मोह होतो की घेऊन टाकू आत, चार फूट हॉल वाढेल. पण आज ती बाल्कनी हॉलच्या काचेला सावली देऊन राहिली. ती बंद करून पुढे स्लायडिंग लावली की काच सरळ उन्हात. मंजूर नकाशाचा अन् सोसायटीचा झंझट वेगळाच. मुंबईत चार्ल्स कोरिया यांनी कांचनजुंगा नावाची बिल्डिंग केली, १९८३ साली पूर्ण झाली, त्यांच्यासमोर हाच पेच होता. समुद्र अन् वारा पश्चिमेला, आणि कडक ऊन अन् पावसाचा माराही पश्चिमेलाच. त्यांनी कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या कोरल्या, म्हणजे राहायची खोली आत आणि उन्हापावसाचा मार मधल्या गच्चीवर. जुन्या बंगल्यांना भोवती व्हरांडा असायचा त्याच विचारातून आलेलं. आपल्या सिव्हिल लाइन्सचे जुने बंगले पाहा, महाल भागातले उरलेसुरले वाडे पाहा, रस्ता अन् माजघर यांच्यामध्ये ओसरी-पडवी आहेच. फ्लॅटमध्ये त्या ओसरीचं जे काही उरलंय ते म्हणजे ही चार फुटी बाल्कनी, आणि तीही आपण काच लावून बंद करतो.

आता वारा. केंद्र सरकारची इको निवास संहिता म्हणून २०१८ मध्ये आली, घरांसाठीचा ऊर्जा कोड, त्यात आपल्यासारख्या हवामानासाठी उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र कार्पेटच्या साडेबारा टक्के तरी असावं असं दिलंय. तुमचे ७५० म्हणजे साधारण ९४ चौरस फूट. तुम्ही पाठवलेल्या प्लॅनवर मोजलं. बाल्कनीचा स्लायडिंग दरवाजा ६ बाय ७, म्हणजे ४२, पण दोन पल्ल्यांची स्लायडिंग अर्धीच उघडते, म्हणून २१. दोन्ही बेडरूमच्या खिडक्या ५ बाय ४, प्रत्येकी १० उघडणार. किचनची ३ बाय ३, तिचे साडेचार. झाले साडेपंचेचाळीस, म्हणजे पाहिजे त्याच्या निम्मेच. काचा भरपूर दिसतात म्हणून घर हवेशीर वाटतं, पण काच वेगळी अन् उघडणारी जागा वेगळी. भिंत फोडून खिडकी मोठी करायला मी सांगणार नाही, पण दोन्ही बेडरूमच्या स्लायडिंग काढून बाहेर उघडणाऱ्या पल्ल्यांच्या, म्हणजे केसमेंट, लावल्या तर तेवढ्याच भोकात जवळजवळ दुप्पट हवा येते. मच्छरजाळी मग आतून लागते, ती रोलरची मिळते. बाहेर ग्रिल असेल तर पल्ला उघडायला जागा आहे का तेवढं आधी मोजा.

आणि कूलर! थ्रीडीमध्ये कूलर कधीच दिसत नाही हो, जसं काही नागपूरच्या माणसाने इंटिरियर केलं की कूलर विकून टाकायचा. एसी तुम्ही लावालच, पण सासू-सासरे दिवसभर एसीत बसणार नाहीत, सांधे दुखतात म्हणतील अन् बिलाकडे पाहून बंद करतील, मी पैज लावतो. मेच्या कोरड्या दुपारी बाहेर ४५ असताना चांगला कूलर २८-३० ची हवा देतो, पण एका अटीवर, आत घेतली तेवढी हवा दुसरीकडून बाहेर गेली पाहिजे. बंद खोलीत कूलर लावला की तासाभरात चिपचिप, मग लोक म्हणतात कूलर बेकार आहे. त्यामुळे कूलर कोणत्या खिडकीत बसणार, त्याची ओली हवा कोणत्या दाराने जाऊन कुठल्या खिडकीतून निघणार हे प्लॅनवर बाण काढून ठरवायचं. तुमच्याकडे मी कूलर उत्तरेच्या खोलीच्या खिडकीत, बाहेरच्या बाजूला लोखंडी स्टँडवर ठेवीन, संध्याकाळचं तिरपं ऊन सोडलं तर सावलीत राहील, हवा पॅसेजमधून हॉलमध्ये, हॉलमधून बाल्कनीबाहेर. म्हणजे मुलीच्या खोलीचं दार अन् हॉल एका रेषेत मोकळे हवेत, मधे जाळीचं पार्टिशन नको. खिडकीजवळ कूलरचा पॉइंट, आणि पाण्याची अर्ध्या इंचाची लाइन कॉकसकट, नाहीतर जन्मभर बादल्या वाहा. खाली पाणी काढायला नळी. टाकी आठवड्याला रिकामी करून घासायची, डेंग्यूचे मच्छर तिथेच होतात. पाऊस लागला की कूलरचा उपयोग संपतो, तेव्हा पंखे, म्हणून पंख्यांकडे दुर्लक्ष करू नका.

इथे फॉल्स सीलिंगचा मुद्दा येतो. तुमची छताची उंची साडेनऊ फूट असावी, त्यात आठ-दहा इंच खाली आणलं, मग पंखा अजून खाली, घर बुटकं होतं अन् गरम हवा डोक्याजवळ येते. वरती अजून तीन मजले आहेत, म्हणजे तुमचा स्लॅब काही उन्हात तापत नाही, फॉल्स सीलिंगने थंडावा येईल हे तुमच्या बाबतीत खरं नाही. सातव्या मजल्यावाल्याचं वेगळं. त्याने गच्चीवर पांढरं चायना मोझॅक, म्हणजे टाइलच्या तुकड्यांचा थर, किंवा पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट करून घ्यावा, तो पैसा जितका वसूल होतो तितका कशातच होत नाही, कारण गरमी स्लॅबमध्ये शिरायच्या आधीच परत जाते. तुम्ही हॉलमध्ये फक्त एका बाजूला वायरिंग झाकायपुरती पट्टी करा, बाकी स्लॅबला पुट्टी मारून पांढरा रंग द्या. सगळीकडच्या फॉल्स सीलिंगचे पैसे वाचवा, ते चिक अन् खिडक्यांना लागतील.

पश्चिमेच्या बेडरूमला अजून एक युक्ती आहे. वॉर्डरोब कुठे लावायचा? थ्रीडीत आतल्या भिंतीला आहे. तो पश्चिमेच्या भिंतीला घ्या, खिडकीच्या बाजूची जेवढी भिंत मिळते तेवढी पूर्ण, वरपर्यंत. दोन फूट खोलीचं कपड्यांनी भरलेलं कपाट अन् मागे दोन इंच हवा, म्हणजे तापलेल्या भिंतीची झळ बिछान्यापर्यंत येत नाही. पण आधी पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते का ते शेजाऱ्याला विचारा, ओल असेल तर आधी बाहेरून दुरुस्ती, नाहीतर वॉर्डरोबची पाठ सडेल अन् गाद्यांना वास येईल. भिंत कशाची आहे तेही बिल्डरला विचारा. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख आहे म्हणून आपल्याकडे फ्लाय ॲशच्या विटा खूप वापरतात, काही ठिकाणी एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रिटचे ब्लॉक असतात, ते गरमीला सगळ्यात चांगले पण जड कपाट टांगायला त्यांचे वेगळे अँकर लागतात. आणि काही नव्या उंच स्कीममध्ये मायवन, म्हणजे भिंतीच काँक्रिटच्या. काँक्रिट भराभर तापतं, आणि त्या भिंतींत झिरी मारून वायर टाकायची नाही, तोडायचा तर विचारच नाही, त्यात लोखंड आहे आणि बिल्डिंग त्यावर उभी आहे. मिस्टरांना सांगा, मिस्त्री 'होऊन जाते साहेब' म्हणतो अन् हातोडा काढतो, तो इथे काढू देऊ नका.

तिथूनच तुमच्या मूळ प्रश्नावर येतो, हे लोक करतात काय. आर्किटेक्ट हा शब्द १९७२ च्या कायद्याने बांधलेला आहे, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरमध्ये नोंदणी असेल तरच लावता येतो. इंटिरियर डिझायनरला आपल्या देशात अशी सक्तीची नोंदणी नाही, त्यामुळे शिकून आलेला उत्तम डिझायनरही तेच नाव लावतो अन् प्लायच्या दुकानात बसलेला पोऱ्याही. आठ लाखांच्या कामाला आर्किटेक्टच पाहिजे असं अजिबात नाही, चांगला डिझायनर पुरे. फक्त थ्रीडीला भुलू नका, ड्रॉइंग मागा. फर्निचरचा प्लॅन, त्यावर बसवलेला इलेक्ट्रिकल प्लॅन, प्रत्येक भिंतीची मापं टाकलेली समोरची आकृती, आणि प्रत्येक वस्तूचा ग्रेड लिहिलेला बीओक्यू, म्हणजे कामाची अन् मालाची मोजमापासकट यादी. हे चार कागद देतो त्याला फी द्या, टक्क्यांत घेवो की चौरस फुटावर. थ्रीडी फुकट अन् बाकी काम टर्नकी, म्हणजे मालासकट सगळं त्यांच्याकडेच, असं असेल तर फी प्लायमध्ये लपलेली असते, एवढं समजून घ्या. आणि मिस्त्रीबद्दल मला आदर आहे, तो बनवतो उत्तम, पण कूलरची हवा कुठून जाणार हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नाही तर तो का म्हणून सांगेल.

बाथरूम. सासू-सासऱ्यांच्या बाजूच्या संडास-बाथरूमचं दार आत उघडतं. आत कोणी पडलं तर दाराला टेकून पडतं अन् बाहेरून दार उघडता येत नाही, मग तोडावं लागतं. ते दार बाहेर उघडणारं करा किंवा सरकतं, आणि कडी अशी लावा की बाहेरून नाण्याने फिरवता येईल. कमोडच्या बाजूला अन् शॉवरजवळ धरायला स्टीलची दांडी, ती टाइलवर चिकटवलेली नाही, भिंतीत अँकर मारून बसवलेली. टाइल्स मॅट, खडबडीत. पण जमिनीच्या टाइल्स बदलायला तोडफोड करू नका, कारण बिल्डरचं वॉटरप्रूफिंग फुटतं. रेराप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष त्याने दुरुस्त करून द्यायचे असतात, आणि तुम्ही एकदा फरशी उकरली की खाली गळलं तर तो सरळ तुमच्याकडे बोट दाखवेल. अँटिस्किड कोटिंग मिळतं, ते मारून भागवा. आणि ते काळे मॅट नळ थ्रीडीत दिसतात नं, तुमच्याकडे बोरचं पाणी मिसळून येत असेल तर दोन महिन्यांत पांढरे डाग. साधे क्रोमचे घ्या.

किचनमध्ये मी आधी विचारतो, ओट्यासमोर कोण उभं राहणार. तुम्ही म्हणता स्वयंपाक दोन्ही वेळ सासूबाईच करणार, त्यांची उंची पाच फूट. मॉड्युलरवाले ३४-३५ इंचाचा ओटा सरसकट देतात, तो तुमच्या मिस्टरांना बरा. पाच फुटाच्या बाईला ३१-३२ पाहिजे, कोपर ओट्यापासून चार-सहा इंच वर राहिलं पाहिजे, नाहीतर पोळ्या लाटताना खांदे वर उचलून काम, सहा महिन्यांत मानेचं दुखणं. सिंकचा भाग मात्र दोन इंच वर चालतो. चिमणी पाइपने हवा बाहेर टाकणारीच घ्या, पाइपशिवायची फिल्टरवाली आपल्या फोडणीपुढे टिकत नाही, आणि सावजीचा मसाला भाजायचा असेल तर कुठलीच पुरत नाही, त्यासाठी खिडकीत वेगळा एक्झॉस्ट. सिंकखालच्या कपाटाला आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय, बाकीच्याला त्याखालचा साधा बीडब्ल्यूआर ग्रेड चालतो, गॅसजवळ मेम्ब्रेनचे, म्हणजे प्लास्टिकचा पातळ थर चिकटवलेले एमडीएफ पल्ले नकोत, गरमीने सोलतात.

आणि साठवण. तुमच्या बीओक्यूत सहा ट्रॉल्या, बॉटल पुलआउट, कॉर्नर कॅरोसेल. वर्षाचा गहू कुठे ठेवणार? एप्रिलमध्ये सासरे दोन क्विंटल गहू अन् तुरीची डाळ भरणारच, अमरावतीची सवय आहे ती. त्याच्या कोठ्या ड्राय बाल्कनीत, म्हणजे किचनला लागून असलेल्या धुण्या-भांड्यांच्या बाल्कनीत, भिंतीला, खाली चार इंचाचा कडाप्प्याचा ओटा करून, पाणी लागणार नाही अशा. मग भांड्यांचं सिंक दुसऱ्या टोकाला. हे आधी ठरलं नाही तर कोठ्या हॉलमध्ये येतात, आणि मग सोफ्यामागे चादर घालून झाकलेल्या असतात. अशी कितीतरी 'मॉडर्न' घरं मी पाहिलीत.

तशाच महालक्ष्म्या, म्हणजे गौरी. तुमच्याकडे आहेत का ते तुम्ही लिहिलं नाही, पण अमरावतीचे जुने घर म्हणजे असणारच. भाद्रपदातले अडीच दिवस, पण तीन अडचणी. मखर बसायला साडेपाच-सहा फुटाची मोकळी भिंत लागते. त्या भिंतीला खाली दोन-तीन प्लग पॉइंट लागतात नाहीतर सगळ्या घरातून एक्स्टेंशन. आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला वीस-पंचवीस माणसं. भिंतीला फिट केलेलं भिंतभर टीव्ही युनिट केलं तर हॉलमधली एकुलती लांब भिंत गेली. म्हणून टीव्ही भिंतीवर टांगा, खाली सुटा बुटका बेंच, चाकांवर, तो सरकवला की भिंत मोकळी. सोफा एल आकाराचा एकसंध नको, तीनचा एक अन् सुट्या दोन खुर्च्या. डायनिंग टेबल भिंतीला दुमडणारा किंवा चौघांचा सुटा. पंगत बसते मग. मुखवटे अन् साड्या-दागिन्यांच्या पेट्यांसाठी पॅसेजवरच्या लॉफ्टचा एक कप्पा कोरडा, कुलपाचा. बारा महिने वापरात नसलेली ही जागा वाया गेली असं थ्रीडीवाल्याला वाटेल, वाटू द्या.

अमरावतीच्या घरात सागवानाचा दिवाण, कपाट असं काही असेल तर विकू नका. जुनं बल्लारशाचं सागवान असेल तर तसं लाकूड आज तुमच्या बजेटमध्ये मिळणारच नाही. दिवाणाचे पाय कापून उंची अठरा इंच करा, म्हाताऱ्यांना उठायला-बसायला तीच बरी, आणि पश्चिमेचा हॉल तापतो तेव्हा दुपारी पडायला तो दिवाण पॅसेजच्या तोंडाशी, कूलरच्या हवेच्या वाटेत. आधी वाळवीचं औषध मात्र मारून घ्या, नाहीतर नव्या घरात पाहुणे घेऊन याल. भिंतींना त्या उभ्या पट्ट्यांचं पॅनेलिंग नका करू, एप्रिलच्या वावटळीत त्या खाचांत जी धूळ बसते ती काढायला कोणालाच वेळ नसतो.

आठ लाखांत क्रम असा लावा. आधी वायरिंगचे बदल, म्हणजे एसी-कूलर-गीझरला स्वतंत्र सर्किट, आणि सासू-सासऱ्यांच्या पलंगाजवळ बसल्याबसल्या हात पोचेल असा लाइट-पंख्याचा स्विच. मग खिडक्या अन् चिक. मग किचन अन् ड्राय बाल्कनी. मग बाथरूमच्या दांड्या-दार. मग वॉर्डरोब. शेवटी टीव्ही अन् सोफा, पैसे उरले तर. मुलीच्या खोलीत फारसं काही फिट करू नका, सातवीतली आहे, तीन वर्षांनी तिला सगळं वेगळं पाहिजे असतं, एक चांगला टेबल, एक कपाट अन् भिंतीला पिनबोर्ड पुरे.

पाडव्याचं विचारलं. आज ड्रॉइंग सुरू केली तरी तीन-चार आठवडे कागदावरच जातात आणि जाऊ द्या, कागदावर खोडलेली भिंत फुकट असते. त्यानंतर इलेक्ट्रिक, खिडक्या, मग सुतारकाम, पॉलिश-रंग शेवटी, असे अडीच-तीन महिने धरा. मधे होळी येते. सुतारकामाची बरीचशी पोरं यूपी-बिहार-राजस्थानची, होळीला गावाला गेली की दहा-पंधरा दिवस साइटला कुलूप, कोणी कितीही शब्द दिला तरी. त्यामुळे वास्तुशांतीचं आमंत्रण पाडव्याचं छापू नका, अक्षय तृतीयेच्या सुमाराचं धरा. आणि चिक, कूलरचा स्टँड, खिडक्या हे तेवढं मार्च संपायच्या आत झालंच पाहिजे असं लेखी घ्या, वॉर्डरोबचे पल्ले मे मध्ये लागले तरी कोणाचं अडत नाही.